सतत बदलणाऱ्या झोनसाठी डीएनएस सर्व्हर: वेग नेमका कुठे अडतो?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची तालुक्याच्या ठिकाणी इंटरनेट जोडण्या देणारी छोटी कंपनी आहे. दुकानातील कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेरून पाहणाऱ्या किंवा घरातला सर्व्हर बाहेरून वापरणाऱ्या ग्राहकांना आम्ही सार्वजनिक आयपी पत्ता देतो, पण तो कायमचा नसतो. राउटर नव्याने जोडला गेला की बदलतो. म्हणून अशा प्रत्येक ग्राहकाला आमच्या झोनमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसमधील आमच्या नावांच्या यादीत, एक नाव द्यायचे आणि पत्ता बदलला की त्याच्या राउटरने ते नाव अद्ययावत करायचे, अशी सोय आम्ही उभारत आहोत. शेजारच्या काही कंपन्याही हीच सोय वापरणार असल्यामुळे रचना करताना आम्ही २ लाख नावे गृहीत धरली आहेत.

एरवी पत्ते फारसे बदलत नाहीत. खरा प्रसंग पावसाळ्यात येतो. वाऱ्याने वीज जाते, तास-दोन तासांनी ती परत आली की एका फीडरवरचे सगळे राउटर मिनिटभरात सुरू होतात, सगळ्यांना नवे पत्ते मिळतात आणि सगळेच अपडेट पाठवतात. नेमक्या त्याच वेळी दुकानदारही बाहेरगावाहून कॅमेरे पाहू लागतात. म्हणून सेकंदाला ३,००० अपडेट्स इतकी लाट सर्व्हरने सोसावी, असे लक्ष्य आम्ही ठरवले आहे.

सध्याचा आराखडा असा आहे. सर्व्हर गो भाषेत लिहिला असून नावे मेमरीतील मॅपमध्ये आहेत आणि त्या मॅपवर वाचक-लेखक प्रकारचे लॉक आहे. अपडेट आले की लेखकाचे लॉक घ्यायचे, डेटाबेसमध्ये ओळ लिहायची, मॅप बदलायचा, सिरियल (झोनचा आवृत्ती-क्रमांक) एकने वाढवायचा, दोन्ही सेकंडरी सर्व्हरना (झोनची प्रत ठेवून उत्तरे देणाऱ्यांना) नोटिफाय, म्हणजे बदलाची सूचना, पाठवायचा आणि मग लॉक सोडायचे. शांत वेळी हे उत्तम चालते. मात्र चाचणीत अपडेट्सची लाट सोडली की साध्या क्वेऱ्यांनाही (नावाचा पत्ता विचारणाऱ्या प्रश्नांनाही) सेकंद-सेकंद उत्तर मिळत नाही आणि त्या वेळी टॉप (प्रोसेसरचा वापर दाखवणारी आज्ञा) पाहिले तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा दिसतो. सेकंडरी सर्व्हर तर लाट ओसरल्यावरही बराच वेळ मागेच राहतात.

मॅपऐवजी अधिक वेगवान रचना वापरावी, की मॅपचे तुकडे करून प्रत्येकाला वेगळे लॉक द्यावे, असा विचार चालू आहे. ज्यांनी अशी कामे केली आहेत त्यांचे मत हवे आहे.

घाटमाथा

प्रोसेसर रिकामा आणि क्वेऱ्या खोळंबलेल्या, एवढ्या एका लक्षणावरून निदान होते: तुमची अडचण नाव शोधण्याच्या वेगाची नाहीच. २ लाख नावांच्या मॅपमध्ये एक नाव शोधायला मायक्रोसेकंदही लागत नाही, त्यामुळे मॅप बदलून किंवा त्याचे तुकडे करून हाती फारसे लागणार नाही. तुमच्या क्वेऱ्या डिस्कची वाट पाहत उभ्या आहेत, कारण डेटाबेसमधील लिखाण पक्के होईपर्यंत तुम्ही लॉक धरून ठेवता. त्यात गो भाषेतील वाचक-लेखक लॉकचा नियम असा आहे की एखादा लेखक रांगेत येऊन थांबला की त्याच्यानंतर आलेल्या वाचकांनाही आत सोडले जात नाही. लाटेच्या काळात लेखक सततच रांगेत असतो, म्हणजे प्रत्येक क्वेरीच्या पुढे कोणी ना कोणी डिस्कवर लिहीत उभा असतो.

डिस्कवर लिहिणे टाळता मात्र येत नाही. डायनॅमिक अपडेटची व्याख्या करणाऱ्या आरएफसी २१३६ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात, म्हणजे एप्रिल १९९७ पासून, असे स्पष्ट बंधन आहे की अपडेट पाठवणाऱ्याला होकार देण्यापूर्वी, तसेच बदललेली माहिती कोणत्याही क्वेरीच्या किंवा झोन ट्रान्सफरच्या (सेकंडरीला झोनची प्रत देण्याच्या) उत्तरात देण्यापूर्वी, तो बदल वीज गेली तरी टिकेल अशा जागी नोंदला गेला पाहिजे. प्रत्येक बदलानंतर संपूर्ण झोन पुन्हा लिहिण्याची मुभाही त्यात आहे, पण मोठ्या झोनसाठी ते परवडणार नाही, असे तिथेच प्रांजळपणे म्हटले आहे. त्यामुळे रूढ मार्ग जर्नलचा: फक्त फरक फाइलच्या शेवटी जोडत जायचा आणि पूर्ण झोन सवडीने लिहायचा. बाइंड या प्रचलित डीएनएस सर्व्हरमध्ये हे सवडीचे लिखाण १५ मिनिटांपर्यंत लांबवले जाते.

आता आकडा पाहा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्डडिस्क सेकंदाला १२० फेरे घेते. एकामागून एक एफसिंक (लिहिलेले डिस्कवर पक्के करणे) करायचे तर साधारण तेवढीच त्यांची कमाल मर्यादा समजा. बाइंडचे जर्नल एका व्यवहारामागे आधी मजकूर आणि मग शीर्षभाग असे दोन वेळा पक्के करते, म्हणजे तशा रचनेत ही संख्या निम्म्यावर येते. चांगली एसएसडी याच्या कित्येक पट पुढे असते हे खरे, परंतु ३,००० अपडेट्ससाठी ३,००० एफसिंक हा हिशेबच मुळात चुकीचा आहे, कारण एका एफसिंकमध्ये एक बदल पक्का करा किंवा तीनशे करा, लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच असतो.

म्हणून बदल गटाने पक्के करावेत. हे आपल्याकडच्या वडापच्या जीपसारखे आहे, फक्त एक फरक ठेवून: वडाप भरेपर्यंत थांबते, इथे मात्र जीप भरण्याची वाट पाहायची नाही, मागची फेरी संपून ती परत येईपर्यंत थांब्यावर जेवढे जमले असतील तेवढ्यांना घेऊन लगेच निघायचे. शांत वेळी गटात एकच अपडेट असेल आणि त्याला कसलाही जादा विलंब होणार नाही. लाट आली की गट आपोआप मोठे होत जातील. कालमर्यादेचा आकडा हाताने ठरवण्याची गरजच उरत नाही.

लिहिण्याचे काम एकाच लेखकाकडे, म्हणजे एकाच गोरुटीनकडे (गो भाषेतील समांतर चालणाऱ्या कामाकडे), सोपवा. त्याने रांगेतील अपडेट्स उचलावीत, मेमरीत झोनची पुढची आवृत्ती तयार करावी, फरक जर्नलमध्ये लिहावा, एफसिंक करावे, नंतर चालू आवृत्तीकडे दाखवणारा एक पॉइंटर एका झटक्यात, अविभाज्यपणे बदलावा आणि सर्वांत शेवटी त्या गटातील सगळ्यांना होकार पाठवावा. वाचकाने क्वेरी आली की तो पॉइंटर एकदाच वाचायचा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत त्याच आवृत्तीवर राहायचे. वाचकाच्या वाटेत लॉक नको.

अर्थात २ लाख नावांचा मॅप दर गटामागे पूर्ण कॉपी करणे योग्य नाही, त्यामुळे इथे मॅप सोडून झाडासारखी रचना घ्यावी लागेल, ज्यात बदललेल्या पानापासून मुळापर्यंतच्या गाठीच फक्त नव्याने तयार होतात आणि बाकीचे झाड दोन्ही आवृत्त्यांमध्ये सामाईक राहते. एकाच गटातील बदल वरच्या गाठी वाटून घेतात, म्हणून गट जितका मोठा तितकी दर बदलामागची कॉपी कमी. नॉट डीएनएस हा सर्व्हर याच मार्गाने जातो: क्यूपी-ट्राय (असेच एक झाड) आणि आरसीयू (लॉकविना वाचण्याची पद्धत). बाइंडनेही २०२४ मध्ये आलेल्या ९.२० आवृत्तीत जुने लाल-काळे झाड मागे टाकून क्यूपी-ट्राय स्वीकारले.

एक सावधगिरी. झोन ट्रान्सफरला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आवृत्ती दिसली पाहिजे. एखादा सेकंडरी मंद जोडणीवरून पूर्ण झोन ओढत असेल, तर तो संपवेपर्यंत ती जुनी आवृत्ती मेमरीत अडकून राहते आणि मधल्या काळात बदललेल्या गाठींच्या जुन्या प्रतीही तिच्याबरोबर राहतात. ट्रान्सफरला कालमर्यादा घाला आणि एका वेळी किती ट्रान्सफर चालतील हेही ठरवून ठेवा.

जर्नलवाचक

घाटमाथा यांनी प्रायमरीचा, म्हणजे मूळ झोन सांभाळणाऱ्या सर्व्हरचा, प्रश्न सोडवला आहे, मी सेकंडरींबद्दल लिहितो, कारण ग्राहकाला प्रत्यक्ष उत्तर बहुतेक वेळा तेच देतात.

तुम्ही प्रत्येक अपडेटमागे सिरियल वाढवता आणि नोटिफाय पाठवता. नोटिफाय मिळाल्यावर सेकंडरी आयएक्सएफआर मागतो, म्हणजे माझ्याकडे अमुक सिरियल आहे, पुढचे फरक द्या, असे म्हणतो. आयएक्सएफआरमध्ये प्रत्येक सिरियलच्या टप्प्यासाठी जुने एसओए (सिरियल ज्यात असतो ते झोनचे शीर्ष रेकॉर्ड), काढलेली रेकॉर्ड्स, नवे एसओए आणि जोडलेली रेकॉर्ड्स असा क्रम असतो. ५०० राउटरांचे पत्ते ५०० वेगवेगळ्या सिरियलखाली बदलले, तर १,००० पत्त्यांच्या रेकॉर्ड्सबरोबर १,००० एसओए रेकॉर्ड्सही प्रवास करतात; तेच ५०० बदल एका सिरियलखाली गेले तर एसओए दोनच लागतात. शिवाय सेकंडरीला प्रत्येक टप्पा क्रमाने लावावा लागतो, स्वतःच्या जर्नलमध्ये लिहावा लागतो आणि तिथेही एफसिंक असतेच. लाट ओसरल्यावरही तुमचे सेकंडरी मागे का राहतात, याचे उत्तर बव्हंशी इथे आहे.

तेव्हा घाटमाथा यांच्या सूचनेतील एक गट म्हणजे एक सिरियल, असे ठेवा. मात्र त्यांनी कालमर्यादेची गरज नाही असे म्हटले आहे, ते प्रायमरीवरील होकारापुरते मान्य करूनही नोटिफायच्या बाबतीत मी वेगळे सांगेन. वेगवान एसएसडीवर तुमचे गट मिलिसेकंदाच्या आत सुटतील आणि सेकंडरींना सेकंदाला शेकडो नोटिफाय जाऊ लागतील, जे कोणत्याच कामाचे नाहीत. तिथे हातानेच थोडा विलंब घाला. बाइंडमध्ये एका झोनच्या दोन नोटिफायमध्ये मुळातच ५ सेकंदांचे अंतर ठेवलेले असते. तुमच्या सोयीसाठी १ सेकंद ठेवलात तरी चालेल. ज्या सेकंडरीचे ट्रान्सफर चालू आहे त्याला आणखी नोटिफाय पाठवू नका. ते संपल्यावर एकच पाठवा. त्याने आयएक्सएफआर मागितले की मधल्या सगळ्या सिरियलचे फरक एकत्र करून द्या. एखाद्या राउटरचा पत्ता त्या काळात तीनदा बदलला असेल, तर सेकंडरीला फक्त पहिला काढायचा आणि शेवटचा जोडायचा असतो; मधले दोन त्याला कळण्याचे काही कारण नाही.

जर्नलच्या आकारावरही लक्ष हवे. ते छाटले गेले आणि सेकंडरी त्याच्याही मागे असेल, तर आयएक्सएफआरऐवजी पूर्ण एएक्सएफआर, म्हणजे सगळा झोन नव्याने, द्यावे लागते आणि ते नेमके तुमचा सर्व्हर सर्वांत जास्त दबलेला असताना घडते. २ लाख नावांचा झोन काही फार मोठा नाही, एका नावाचे एक रेकॉर्ड धरले तर दहा मेगाबाइटच्या आसपास, त्यामुळे तुमच्याकडे आभाळ कोसळणार नाही. तरीही जर्नल झोनच्या निदान दुप्पट आकाराइतके ठेवा.

सिरियलच्या आकड्याविषयी थोडेसे. वर्ष-महिना-दिवस आणि पुढे दोन अंक ही पद्धत हाताने लिहिलेल्या झोनसाठी आहे. त्यात दिवसाला १०० बदलच मावतात. २००४ मध्ये व्हेरिसाइनने डॉट कॉम आणि डॉट नेट हे झोन दिवसातून दोनदा प्रसिद्ध करण्याची पद्धत सोडून सतत अद्ययावत करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनीही ही जुनी पद्धत टाकून १९७० पासूनचे सेकंद सिरियल म्हणून वापरायला घेतले. तुम्ही साधे एकने वाढवत गेलात तरी हरकत नाही. सिरियल ३२ बिटांचा असून संपला की पुन्हा शून्यावर येतो, म्हणून तुलना निम्म्या वर्तुळात होते; सेकंदाला १०० वेळा वाढवला तरी अर्धे वर्तुळ पार व्हायला सुमारे २४८ दिवस लागतात आणि एवढा काळ संपर्कात नसलेल्या सेकंडरीवरचा झोन कधीच कालबाह्य झालेला असतो.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. लॉक धरलेले असताना डेटाबेसला हात लावणे बंद करून एकच लेखक ठेवला आणि लगेच फरक दिसला. क्वेऱ्या आता लाटेतही अडकत नाहीत. सेकंडरींसाठीचे बदल अजून करायचे आहेत.

आणखी दोन गोष्टी विचारतो. प्रत्येक राउटरला स्वतंत्र टीएसआयजी किल्ली (अपडेटवर सही करण्याची गुप्त किल्ली) देऊन त्याने थेट डीएनएसवर अपडेट पाठवावे, की मध्ये एचटीटीपीएस गेटवे ठेवून त्यानेच सर्व्हरशी बोलावे? आणि पुढेमागे झोनला डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल सह्या) लावले तर या वेगाचे काय होईल? गेटवे ठेवला तर तो एकच असून चालणार नाही, दोन ठेवावे लागतील, हेही लक्षात घ्यावे.

रूटहिंट

थेट अपडेटचा मार्ग कागदावर सुटसुटीत वाटतो, परंतु तुमच्या वीज जाण्याच्या प्रसंगात तोच पहिला कोलमडेल. टीएसआयजीच्या सहीत वेळ असते आणि साधारणपणे ३०० सेकंदांपर्यंतचा फरकच स्वीकारला जातो. घरगुती राउटरांत बहुधा घड्याळासाठी बॅटरी नसते, त्यामुळे वीज आल्यावर कित्येक राउटर १९७० सालात किंवा फर्मवेअर तयार झाल्याच्या तारखेला जागे होतात. एनटीपीने, म्हणजे नेटवरून, वेळ मिळेपर्यंत त्यांचे प्रत्येक अपडेट चुकीच्या वेळेच्या शेऱ्यानिशी परत जाईल आणि ते पुन्हा पुन्हा पाठवत राहतील. म्हणजे लाटेच्या वर निष्फळ अपडेट्सची दुसरी लाट. एचटीटीपीएसवरही चुकीच्या घड्याळाने प्रमाणपत्र तपासणी फसतेच, हे मान्य, पण ती अडचण राउटरच्या बाजूला राहते आणि तिचा ताण गेटवेवर पडतो, क्वेऱ्यांना उत्तरे देणाऱ्या सर्व्हरवर नाही. तसेही लाखो किल्ल्या आणि त्यांचे लाखो नियम सांभाळणे हे डीएनएस सर्व्हरचे काम नव्हे. बाइंडचे अपडेट-पॉलिसीचे नियम क्रमाने एकेक तपासले जातात, हे एक उदाहरण पुरेसे आहे.

गेटवेचा आणखी एक लाभ म्हणजे निरर्थक अपडेट्स तिथेच गळतात. पुष्कळ राउटर पत्ता बदललेला नसतानाही ठरावीक वेळाने अपडेट पाठवतात. पत्ता तोच असेल तर गेटवेने परस्पर होकार द्यावा. जर्नलपर्यंत काही जाऊ नये आणि सिरियल वाढू नये. तसेच अपडेट्स किती रांगेत राहू शकतात यावर मर्यादा हवीच. नोंदीचा अधिकार तपासण्यापूर्वीच अपडेट संदेशांसाठी मेमरी खर्च होत असल्याने अपडेट्सचा पूर आणून सर्व्हर पाडता येतो, अशी त्रुटी बाइंडमध्ये सापडली होती. जानेवारी २०२३ मध्ये तिच्या दुरुस्तीबरोबर एका वेळी १०० अपडेट्सची मर्यादा आली. तुमच्या सर्व्हरनेही रांग भरली की मुकाट्याने मेमरी वाढवत बसण्याऐवजी नकार द्यावा.

डीएनएससेकबद्दल थोडक्यात. एनसेकच्या (झोनमधील पुढचे नाव सांगणाऱ्या रेकॉर्ड्सच्या) साखळीसह आधीच सह्या केलेल्या झोनमध्ये असलेल्या नावाचा पत्ता बदलला तर दोन सह्या लागतात, पत्त्याची आणि एसओएची. नवे नाव जोडले तर चार: पत्ता, नव्या नावाचे एनसेक, आधीच्या शेजाऱ्याचे बदललेले एनसेक आणि एसओए. गटाने काम केलेत की एसओएची सही संपूर्ण गटात एकदाच. सहीसाठी ईसीडीएसए पी-२५६ ही पद्धत घ्या. २०४८ बिटांच्या आरएसएच्या तुलनेत तिची सही करणे बरेच स्वस्त असते आणि सही २५६ ऐवजी ६४ बाइट्सची असल्याने जर्नल व ट्रान्सफर दोन्ही आटोक्यात राहतात. एनसेक३ (नावांऐवजी त्यांचे हॅश ठेवणारा प्रकार) वापरणार असाल तर हॅशची जादा आवर्तने शून्य ठेवा. २०२२ च्या आरएफसी ९२७६ मध्ये तशीच शिफारस आहे.

सह्यांचे नूतनीकरण मात्र विसरले जाते. २ लाख नावांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे ४ लाख सह्या जर ९ दिवसांत सारख्या पसरून नव्याने केल्या, तर सरासरीने दोन सेकंदांना एक सही पडते. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण सुरुवातीला सगळ्या एकाच क्षणी केल्या असतील तर त्या संपतीलही एकाच क्षणी आणि दर खेपेला ४ लाख सह्यांचा डोंगर उभा राहील. मुदतीत पहिल्या दिवसापासून थोडा यादृच्छिक फरक ठेवा.

तिसरा प्रहर

दोन गेटवे ठेवणार, हे वाक्य वाचून थांबलो. वेगाच्या नादात क्रम बिघडू नये यासाठी लिहितो.

राउटर मिनिटभरात दोनदा जोडला गेला. पहिला पत्ता पहिल्या गेटवेकडे गेला आणि तो गेटवे काही कारणाने अडकला. दुसरा पत्ता दुसऱ्या गेटवेमार्फत लगेच नोंदला गेला. मग पहिला गेटवे भानावर आला आणि त्याने जुना पत्ता नव्यावर लिहिला. आता ते नाव चुकीच्या पत्त्याकडे बोट दाखवत राहील, कारण राउटरच्या दृष्टीने त्याचे काम पूर्ण झाले आहे. ही शक्यता कागदी मुळीच नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, आपल्याकडच्या दुपारी, एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाउडच्या अमेरिकेतील पूर्व विभागात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेचे नाव डीएनएसमध्ये रिकामे झाले आणि त्यावर उभ्या असलेल्या असंख्य सेवा बंद पडल्या. कंपनीने स्वतः दिलेल्या खुलाशानुसार डीएनएसचे आराखडे लागू करणारा एक घटक खूप रेंगाळला, त्याने जुना आराखडा नव्यावर लावला आणि त्याच सुमारास दुसऱ्या घटकाच्या साफसफाईत तो जुना आराखडा पुसला गेल्याने सगळेच पत्ते नाहीसे झाले. लागू करण्यापूर्वी आपला आराखडा अधिक नवा आहे ना, ही तपासणी त्या घटकाने केली होती, पण सुरुवातीला; काम रेंगाळल्यामुळे प्रत्यक्ष लिहिण्याच्या वेळी ती शिळी झालेली होती.

तपासणी आणि लिखाण एकाच व्यवहारात हवे. आरएफसी २१३६ मध्ये यासाठीची सोय पहिल्यापासून आहे: अपडेट संदेशात पूर्वअटींचा एक विभाग असतो आणि अमुक नावाचे रेकॉर्ड आत्ता अमुक मूल्याचे असेल तरच पुढचे बदल करा, असे त्यात सांगता येते. पत्ते वाटणारे डीएचसीपी सर्व्हर नावाचा मालक कोण हे ओळखण्यासाठी डीएचसीआयडी रेकॉर्ड आणि अशाच पूर्वअटी वापरतात. तुम्ही नावाशेजारी एका टीएक्सटी (साध्या मजकुराच्या) रेकॉर्डमध्ये वाढता क्रमांक ठेवून त्याची अट घालू शकता. त्याने दर बदलामागची रेकॉर्ड्स दुप्पट होतात, पण तुमच्या आकाराला ते परवडेल. तो क्रमांक मात्र राउटरच्या जोडणीबरोबर जन्मला पाहिजे. तुम्हीच इंटरनेट देणारे असल्यामुळे पत्ता केव्हा दिला गेला हे ग्राहकांच्या जोडण्या नोंदवणाऱ्या तुमच्या रेडियस सर्व्हरला अचूक ठाऊक असते. तिथलीच वेळ वापरा, गेटवेवर विनंती पोहोचल्याची नको.

एक गुंता आधीच सांगून ठेवतो. अपडेट संदेश पूर्ण लागू होतो किंवा अजिबात होत नाही. गेटवेने वेग वाढवण्यासाठी २०० राउटरांचे बदल एकाच संदेशात कोंबले आणि त्यांतील एकाची पूर्वअट फसली, तर उरलेले १९९ सुद्धा परत येतील. म्हणून संदेश लहान, एकेका नावाचे ठेवा आणि गट करण्याचे काम घाटमाथा म्हणतात त्याप्रमाणे सर्व्हरच्या आत, जर्नलच्या तोंडाशी होऊ द्या.

घाटमाथा

तिसरा प्रहर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे.

आता थोडा विरोधी सूर लावतो. रूटहिंट म्हणतात तसा गेटवे ठेवणार असाल, तर त्याच्या मागे स्वतः लिहिलेला सर्व्हरच कशाला हवा? बाइंड किंवा नॉट डीएनएस ठेवा. जर्नल, आयएक्सएफआर, सह्या, आवृत्त्या हे सगळे त्यांत वर्षानुवर्षे झिजून गुळगुळीत झालेले आहे. एनएसडी क्वेऱ्यांच्या बाबतीत अतिशय वेगवान आहे, मात्र तो आरएफसी २१३६ ची अपडेट्स घेत नाही. सेकंडरी म्हणून त्याचा विचार करता येईल. पॉवरडीएनएस डेटाबेसवर चालतो, त्यामुळे तुमच्या मूळ आराखड्याला तो सर्वांत जवळचा वाटेल, पण त्याच्या पॅकेट कॅशची (साठवलेल्या उत्तरांची) मुदत मुळात २० सेकंद असते हे ध्यानात ठेवा. डेटाबेसमधील ओळ परस्पर बदललीत तर तेवढा वेळ जुनेच उत्तर जाऊ शकते. स्वतःचा सर्व्हर लिहिण्याचे एकच सबळ कारण मला दिसते: लाटेतील एफसिंकचे गट तुमच्या मनाप्रमाणे करता येणे. चांगल्या एसएसडीवर तयार सर्व्हर ३,००० चा आकडा गाठतो का, हे आधी मोजून पाहा.

मोजण्यासाठी डीएनएसपर्फ वापरा. क्वेऱ्यांबरोबरच तो अपडेट्सही पाठवू शकतो. एक प्रत क्वेऱ्यांची, एक अपडेट्सची, दोन्ही एकाच वेळी चालवा. सरासरी पाहू नका. हजारातील सर्वांत मंद दहा क्वेऱ्यांना किती वेळ लागला ते पाहा. इथे एक खाचखळगा आहे: उत्तर न आलेल्या क्वेऱ्या ठरावीक संख्येला पोहोचल्या की डीएनएसपर्फ नव्या पाठवणे थांबवतो, म्हणजे तुमचा सर्व्हर अर्धा सेकंद गोठला तर त्या अर्ध्या सेकंदात ज्या हजारो क्वेऱ्या यायला हव्या होत्या त्या आलेल्याच नसतात आणि अहवाल उगाच गोड दिसतो. ती मर्यादा वाढवा आणि दर स्थिर ठेवा. सेकंडरींचा मागासलेपणा मोजायला दर सेकंदाला एका खास नावाच्या टीएक्सटी रेकॉर्डमध्ये घड्याळाची वेळ लिहीत जा आणि ती सेकंडरीवर केव्हा उमटते ते नोंदवा.

आणि अजून कोणी विचारले नाही म्हणून टीटीएलविषयी, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचे त्या मुदतीविषयी. तुमचा सर्व्हर कितीही वेगाने बदलला तरी ग्राहकाच्या फोनला उत्तर देणारा रिझॉल्व्हर टीटीएल संपेपर्यंत जुनाच पत्ता सांगेल. ६० सेकंद ठेवा. ३०० वरून ६० वर आलात की सतत विचारल्या जाणाऱ्या नावांच्या क्वेऱ्या पाचपट होतील, पण ते ओझे आता लॉकविना वाचणाऱ्या रचनेवर पडणार आहे, तिला ते जड नाही. याहून मोठा सापळा नकाराच्या उत्तरांचा आहे. राउटर बंद पडला म्हणून त्याचे नावच झोनमधून काढलेत आणि तेवढ्यात कोणी ते विचारले, तर हे नाव अस्तित्वात नाही, असे उत्तर रिझॉल्व्हर साठवून ठेवतो. ते किती काळ साठवायचे हे एसओएचा स्वतःचा टीटीएल आणि त्यातील शेवटचा आकडा या दोहोंतील लहान किमतीवरून ठरते. नमुन्यातून उचललेल्या झोनमध्ये ते सहसा तासाभराचे असते, म्हणजे वीज येऊन, राउटर सुरू होऊन, तुमचा सर्व्हर मिलिसेकंदात अद्ययावत होऊनही दुकानदाराला तासभर कॅमेरा दिसत नाही. नाव काढू नका, जुना पत्ता तसाच राहू द्या. बदलताना जुने रेकॉर्ड काढणे आणि नवे जोडणे एकाच अपडेट संदेशात करा, म्हणजे मधली रिकामी अवस्था कोणालाही दिसणार नाही, आणि एसओएमधला तो आकडाही ६० वर आणा.

कृष्णाकाठ

आमच्या एसओएमध्ये तो आकडा ३,६०० आहे आणि बंद राउटरचे नाव काढण्याचे काम एका क्रॉनकडे (ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामाकडे) दिलेले आहे. ते आजच थांबवतो. नॉट डीएनएस आणि बाइंड दोन्ही एकाच यंत्रावर आळीपाळीने लावून डीएनएसपर्फने मोजणार आहे. आकडे आले की याच धाग्यावर टाकतो.